मधातच बदललेला कप्तान

वणीच्या माणसाला आयपीएलमध्ये ‘आपला’ संघ जन्मानं मिळत नाही. विदर्भाचा संघच तिथे नाही. नागपूरजवळ जामठ्याला भव्य स्टेडियम आहे, 2010 साली हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सनं आपले काही सामने तिथे खेळवले होते, पण तो पाहुणा संघ होता. रणजी करंडक विदर्भानं तीनदा जिंकला, 2017-18, 2018-19 आणि 2024-25 मध्ये, आणि त्याचा अभिमान इथल्या जाणत्या क्रिकेटवेड्याला आहेच. एप्रिल-मेच्या रात्रींचा प्रश्न मात्र त्यानं सुटत नाही. त्या रात्री कुणाच्या बाजूनं बसायचं?

मग इथला माणूस संघ निवडतो तो माणूस बघून. रोहित शर्मा नागपुरात जन्मला, म्हणून कुणी मुंबई इंडियन्सचा. धोनीमुळे कुणी चेन्नईचा, कोहलीमुळे कुणी बंगळुरूचा. पाटणबोरी-मुकुटबनकडे, जिथे पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं, तिथे हैदराबादला मानणारेही भेटतात. उकणी किंवा घोन्सा खाणीत दुसऱ्या पाळीला असलेला कामगार सुट्टी झाल्यावर आधी स्कोअर बघतो, आणि त्या स्कोअरमागे त्याच्या मनात शहर नसतं, एक चेहरा असतो. मुंबईच्या पोराला वानखेडे जवळ आहे. कप्तान गेला तरी त्याचं शहर राहतं. वणीच्या पोराचा संघाशी असलेला धागाच त्या एका माणसातून गेलेला. म्हणून हंगामाच्या मधातच कप्तान बदलल्याची बातमी आली की इथे पहिला प्रश्न रणनीतीचा नसतो. “त्याले काहून काढलं?” हा असतो.

या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न मिसळलेले आहेत. बदलामुळे संघाचं भलं झालं का, हा एक. आणि ज्याला बाजूला केलं त्याच्याशी नीट वागले का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण चाहते बहुतेक वेळा चुकीचं देतो, आणि मालक, समालोचक, माजी खेळाडूही त्यात आपल्या सोबतच असतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र चाहते सहसा बरोबर देतात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते पटवायला हिशेब मांडावा लागेल.

सगळ्यात गाजलेल्या उदाहरणापासून सुरुवात करू. 2013 च्या हंगामात मुंबई इंडियन्सचा कर्णधार होता ऑस्ट्रेलियाचा रिकी पाँटिंग. दोन विश्वचषक जिंकलेला कप्तान, पण बॅट साफ रुसलेली. सहा सामन्यांत त्याच्या नावावर 52 धावा होत्या. संघ तीन सामने जिंकला होता, तीन हरला होता. पाँटिंग स्वतःहून संघाबाहेर बसला आणि 24 एप्रिलला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर पंचविशीतला रोहित शर्मा नाणेफेकीला गेला. मुंबईनं तो सामना जिंकला, साखळीतल्या 16 पैकी 11 सामने जिंकत दुसरं स्थान घेतलं, आणि 26 मे रोजी त्याच मैदानावर चेन्नईला 23 धावांनी हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. पुढे रोहितच्या नेतृत्वाखाली 2015, 2017, 2019 आणि 2020 अशी आणखी चार विजेतेपदं आली.

ही गोष्ट इतकी देखणी आहे की तिनं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घर केलं. संघ अडखळला की लगेच कुणीतरी म्हणतो, “2013 सारखं करा ना, बदला कप्तान!” पण 24 एप्रिलला नेमकं काय बदललं ते बघा. आयपीएलमध्ये अकरा जणांत जास्तीत जास्त चार परदेशी खेळाडू चालतात. पाँटिंग बाहेर बसताच त्यातली एक जागा मोकळी झाली, आणि त्या सामन्यात वेस्ट इंडिजचा ड्वेन स्मिथ सलामीला आला. त्यानं अर्धशतक ठोकलं. पुढे हंगामभर तो सलामीला धावा करत राहिला. म्हणजे त्या दिवशी फक्त डोकं बदललं नव्हतं, धावा न करणाऱ्या सलामीवीराच्या जागी धावा करणारा सलामीवीर आला होता. रोहितचं नेतृत्व चांगलं होतंच, पुढच्या सात वर्षांनी ते सिद्ध केलं. पण 2013 च्या त्या पहिल्या विजयातला किती वाटा नेतृत्वाचा आणि किती ड्वेन स्मिथच्या बॅटचा, हे वेगळं काढता येत नाही. आपण मात्र सगळं श्रेय टोपी बदलण्याला देऊन टाकलं.

हे काही एकटंच उदाहरण नाही. 2022 मध्ये हंगाम सुरू व्हायला दोन दिवस असताना धोनीनं चेन्नईचं कर्णधारपद सोडलं आणि ते रवींद्र जडेजाकडे गेलं. पहिले चार सामने चेन्नई ओळीनं हरली. आठ सामन्यांत दोन विजय, सहा पराभव. 30 एप्रिलला जडेजानं कर्णधारपद परत धोनीकडे सोपवल्याचं जाहीर झालं. त्या वर्षी साखळीचे सगळे सामने मुंबई आणि पुणे परिसरातच होते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी, 1 मेला, महाराष्ट्र दिनी, पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर धोनी कर्णधार म्हणून उतरला. समोर हैदराबाद. पुण्याचा ऋतुराज गायकवाड 57 चेंडूंत 99 धावांवर बाद झाला, डेव्हन कॉनवेनं नाबाद 85 केल्या, दोघांची सलामीची भागी 182 धावांची झाली, महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या मुकेश चौधरीनं चार बळी घेतले, आणि चेन्नई 13 धावांनी जिंकली. त्या रात्री चेन्नईच्या प्रत्येक चाहत्याला, वणीतल्यासुद्धा, एकच वाटलं: थाला धोनी आला, संघ सुधरला.

आता पुन्हा अकरा जणांची यादी बघा. कॉनवे हंगामातला पहिला सामना खेळून बाहेर गेला होता, तो नेमका या सामन्यात परतला होता. आणि पुढचं बघा. धोनीच्या नेतृत्वाखाली चेन्नई त्या हंगामात सहा सामने खेळली. जिंकले दोन, हरले चार. मुंबईविरुद्ध तर सगळा संघ 97 धावांत गारद झाला. जडेजाचे आठात दोन, धोनीचे सहात दोन, आणि चेन्नई नवव्या स्थानावर. पण गहुंजेच्या त्या रात्रीची आठवण इतकी ठसली की आजही कुणाला विचारलं तर तो सांगेल, धोनी परत आल्यावर चेन्नईची गाडी रुळावर आली होती.

असं का होतं, ते समजायला एक साधा हिशेब पुरतो. समजा एक संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता बरोबर अर्धी, नाण्याच्या छाप्या-काट्याइतकी. साखळीत तो 14 सामने खेळतो. कुणाचीही काही चूक नसताना, कप्तान उत्तम असताना, निव्वळ योगायोगानं या संघावर लागोपाठ किमान चार सामने हरायची पाळी येण्याची शक्यता किती? गणित केलं तर उत्तर येतं सुमारे 35 टक्के. म्हणजे तीनपैकी साधारण एका हंगामात. दहाच्या दहा संघ असे सारखेच असते, तरी दर वर्षी सरासरी तीन-साडेतीन संघ कधीतरी सलग चार सामने हरलेच असते.

त्या चौथ्या पराभवाच्या रात्री काय होतं हे आपण सगळे जाणतो. टीव्हीवर चर्चा पेटते, मालक चिडतो, चाहता फोन आपटतो. कप्तान बदला! समजा बदलला. आता पुढच्या दोन सामन्यांत किमान एक विजय मिळण्याची शक्यता किती? नाण्याच्याच हिशेबानं 75 टक्के. पुढच्या चारांत किमान दोन विजय? जवळजवळ 69 टक्के. म्हणजे नव्या कप्तानानं काहीही वेगळं केलं नाही, तरी बहुतेक वेळा तो ‘यशस्वी’ दिसणारच. जुन्याला ठेवलं असतं तर त्यालाही तेच विजय मिळाले असते. फक्त ती गोष्ट आपल्याला कधी बघायला मिळत नाही, कारण ती घडतच नाही. कापसाला ऐन तळाच्या भावात घाबरून दलाल बदलला आणि पुढच्या आठवड्यात भाव चढला, तर नवा दलाल हुशार ठरतो, तसंच हे.

घडलेल्याची न घडलेल्याशी तुलना कशी करायची, हा अर्थशास्त्रज्ञांचा आवडता प्रश्न आहे, आणि फुटबॉलनं त्यांना त्यासाठी चांगली संधी दिली. युरोपातल्या फुटबॉलमध्ये हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक काढणं ही नेहमीची बाब. नेदरलँड्सच्या बास तेर वेल यांनी तिथल्या पहिल्या श्रेणीच्या लीगचे 1986 ते 2004 दरम्यानचे हंगाम तपासले. प्रशिक्षक काढल्यावर संघ सुधारतात, हे त्यांना दिसलं. पण त्यांनी एक जास्तीची गोष्ट केली, जी चाहता म्हणून आपण कधीच करत नाही. तेवढीच वाईट घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक काढला नाही, असे संघ त्यांनी बाजूला काढले. ते संघही तेवढेच सुधारले होते. घसरण मुळातच असाधारण होती, त्यामुळे त्यानंतर नेहमीच्या पातळीवर येणं हेच स्वाभाविक होतं. प्रशिक्षक काढल्याचा वेगळा फायदा आकड्यांत सापडला नाही.

समाजशास्त्रात तर हा वाद त्याहून जुना. अमेरिकेतल्या बेसबॉलवरून 1960 च्या दशकात गॅमसन आणि स्कॉच या दोघांनी मांडलं होतं की संघ हरू लागला की व्यवस्थापकाचा बळी देण्याला एक विधी म्हणून महत्त्व असतं. सगळे खेळाडू बदलता येत नाहीत, मालक स्वतःला काढत नाही, पण लोकांना काहीतरी झाल्याचं दिसायला हवं असतं. सगळ्यांना दिसणारी आणि एका सहीत बदलता येणारी जागा एकच असते.

आपल्याकडे ती जागा कप्तानाची. तिथे क्रिकेट फुटबॉलहून वेगळं पडतं, कारण क्रिकेटचा कप्तान मैदानावर प्रशिक्षकाचंही काम करतो. टी-ट्वेंटीत वीस षटकं, एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार, पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक. सतरावं षटक कुणाला, एकोणिसावं कुणाला, फिरकीपटूला डावऱ्यासमोर आणायचं की राखून ठेवायचं, रिव्ह्यू घ्यायचा की नाही, 2023 पासून इम्पॅक्ट प्लेअर कधी आणायचा, हे सगळे निर्णय. त्यात फरक पडतोच. पण तो एका सामन्यात दोन-चार षटकांपुरता असतो. बाकी सगळं बॅट आणि चेंडू हातात असलेल्यांवर असतं. नेतृत्व ओळखायचं तर दोन-तीन सामन्यांच्या निकालावरून कळत नाही. षटकं कशी वाटली, कुणाला भरवसा दिला, मार खाल्लेल्या पोराला पुढच्या सामन्यात पुन्हा चेंडू दिला का, यावरून हळूहळू कळतं. रोहितचं नेतृत्व असंच वर्षानुवर्षांतून कळलं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा प्रश्न याहून तीव्र आहे, आणि तिथली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण 2013 च्या रोहितच्या गोष्टीची ती मोठी बहीण शोभेल. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू जवळजवळ प्रत्येक चालीची सुरुवात करतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, तो लांब फेकायचा की जवळच्याला देऊन पळवायचा हे तो ठरवतो. म्हणजे आपला कप्तान आणि आपला सलामीवीर एकाच अंगात. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स संघाचा ड्रू ब्लेडसो असाच होता. 2001 च्या मार्चमध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरहून मोठा करार झाला होता. 23 सप्टेंबरला प्रतिस्पर्ध्याच्या जबर धडकेनं त्याच्या शरीरात रक्तस्राव झाला, आणि टॉम ब्रेडी नावाचा, फारसा कुणाला माहीत नसलेला पोरगा मैदानात उतरला. नोव्हेंबरमध्ये ब्लेडसो बरा झाला, तरी प्रशिक्षक बिल बेलिचिकनं ब्रेडीलाच ठेवलं. फेब्रुवारी 2002 मध्ये पॅट्रियट्सनं सुपर बोल जिंकला. ब्रेडी पुढे त्या खेळाचा सर्वांत यशस्वी खेळाडू ठरला. तिथल्या चाहत्यांनाही तेव्हापासून वाटतं की बाकावर बसलेला प्रत्येक पोरगा ब्रेडी असू शकतो.

बाकावरच्या माणसाचं हे आकर्षण मला फार खरं आणि फार मानवी वाटतं. खेळणाऱ्याच्या चुका आपण पाहिलेल्या असतात, बसलेल्याच्या नाही. त्याच्या कोऱ्या पाटीवर आपण आपल्या मनातलं सगळं चांगलं लिहितो. जडेजानं स्वतः सांगितलं आहे की चेन्नईच्या सामन्यांत तो फलंदाजीला असताना प्रेक्षक त्याच्या बाद होण्याची वाट बघत असत, कारण त्यानंतर धोनी येणार असे. आणि त्याच जडेजानं 2023 च्या अंतिम सामन्यात, पावसानं लांबलेल्या त्या रात्री, शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून चेन्नईला विजेतेपद दिलं. एक वर्षापूर्वी कर्णधारपद सोडून बाजूला झालेला हाच माणूस होता.

चाहता संघाशी स्वतःला कसा जोडतो, यावर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अजून वाचला जातो. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. आणि सामन्याबद्दल बोलताना विजयाच्या वेळी ‘आपण जिंकलो’ म्हणण्याकडे कल, पराभवाच्या वेळी ‘ते हरले’ म्हणण्याकडे. वणीच्या कोणत्याही टपरीवर सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उभं राहा, हेच ऐकू येईल. मुंबई जिंकली तर “मारलं ना आपण!” हरली तर “ते बुमराले शेवटची ओव्हर काहून नाही देत?” कप्तान बदलला की हा धागा ताणला जातो. जो आपला होता तो ‘ते’ कसा झाला, आणि जो ‘ते’ मधला होता तो आपला कसा मानायचा, हा पेच खरा आहे. ज्याचं प्रेम एका माणसातून संघाकडे गेलं, त्याला तो जास्तच जाणवतो.

इथे दुसरा प्रश्न येतो, आणि इथे चाहत्यांचं मत मी गांभीर्यानं घेतो. 1 मे 2021 ला हैदराबादनं डेव्हिड वॉर्नरचं कर्णधारपद काढून केन विल्यमसनला दिलं. सहा सामन्यांत एकच विजय मिळाला होता, तोवर ठीक. पण दुसऱ्या दिवशी राजस्थानविरुद्ध वॉर्नर अकरा जणांतही नव्हता. 2016 साली याच माणसानं 848 धावा करून हैदराबादला विजेतेपद मिळवून दिलं होतं. राजस्थानविरुद्धचा तो सामना हैदराबाद 55 धावांनी हरली, आणि हंगाम संपला तेव्हा 14 पैकी तीन विजयांसह तळाला होती. चाहते दुखावले ते निकालामुळे नाही. पाच वर्षं ज्यानं संघ खांद्यावर वाहिला त्याला अशा रीतीनं बाजूला केलं, याचं दुःख होतं. वर्ष संपण्याआधी वॉर्नर ऑस्ट्रेलियाकडून टी-ट्वेंटी विश्वचषकाचा मालिकावीर ठरला. चाहत्यांचं मन बरोबर होतं हे त्यावरून सिद्ध होत नाही. ते त्याआधीच बरोबर होतं.

मराठी माणसाला याहून जवळची गोष्ट अजिंक्य रहाणेची. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, डोंबिवलीतून लोकलनं सरावाला जाऊन घडलेला. 2019 मध्ये राजस्थान रॉयल्स आठ सामन्यांत दोनच जिंकली होती. 20 एप्रिलला, मुंबईविरुद्धच्या सामन्याच्या दिवशीच, रहाणेच्या जागी स्टीव्ह स्मिथ कर्णधार झाला. राजस्थान जिंकली, स्मिथनं नाबाद 59 केल्या, आणि पुन्हा तीच चर्चा झाली की बदल लागू पडला. दोन दिवसांनी त्याच जयपूरच्या मैदानावर दिल्लीविरुद्ध रहाणेनं 63 चेंडूंत नाबाद 105 धावा केल्या. संघ हरला, पण आपलं पद गेलेला माणूस काय करू शकतो ते त्यानं दाखवलं. हंगामाच्या शेवटी स्मिथ ऑस्ट्रेलियाला परतला तेव्हा शेवटच्या सामन्यात पुन्हा रहाणेच कर्णधार होता, आणि त्यानं ती जबाबदारीही निमूटपणे उचलली. दीड वर्षांनी, डिसेंबर 2020 मध्ये, ॲडलेडला भारत 36 धावांत कोसळल्यावर विराट कोहली पितृत्व रजेवर घरी गेला आणि मालिकेच्या मधातच नेतृत्व रहाणेकडे आलं. मेलबर्नला त्यानं 112 धावा केल्या, भारत आठ गडी राखून जिंकला आणि पुढे मालिका 2-1 नं आपली झाली. जयपूरला ज्यांना त्याच्यासाठी वाईट वाटलं होतं, त्यांना माणसाची पारख होती असं मी म्हणेन.

याच तराजूवर पाँटिंगचं 2013 चं पाऊल तोलून बघा. त्याला कुणी काढलं नव्हतं, तो स्वतः बसला आणि संघाबरोबर राहिला. 2018 मध्ये दिल्लीच्या गौतम गंभीरनं सहापैकी पाच सामने हरल्यावर कर्णधारपद स्वतः सोडलं, पुन्हा त्या हंगामात खेळलाही नाही. मुंबईकर श्रेयस अय्यरनं पहिल्याच सामन्यात 40 चेंडूंत नाबाद 93 मारल्या. दिल्ली शेवटी तळालाच राहिली, तरीही त्या बदलाबद्दल कुणाच्या मनात कडवटपणा नाही. निकाल आणि कडवटपणा यांचा संबंध फार थोडा आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण हंगामाच्या मधातलं नाही, पण ते टाळता येत नाही. 15 डिसेंबर 2023 ला मुंबई इंडियन्सनं रोहितला बाजूला करून हार्दिक पंड्याला कर्णधार केलं. वणीत ज्यांचा धागा रोहितमधून गेला होता, त्यांना हा घाव थेट बसला. अहमदाबादला 24 मार्च 2024 रोजी आणि मग 1 एप्रिलला खुद्द वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडाली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा असं सांगावं लागलं, आणि सीमारेषेजवळ उभ्या रोहितनंच लोकांना थांबण्याची खूण केली. निर्णय ज्या पद्धतीनं झाला त्यावरचा राग मला समजतो. पण तो हार्दिकवर निघाला, हे चुकलं. पद देणारा वेगळा होता, घेणारा वेगळा. लोकांनी ज्याला बघता येतं त्याला धरलं. मुंबई त्या वर्षी दहापैकी दहावी आली. 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात 16 हव्या होत्या, चेंडू रोहितनं हार्दिकच्या हातात दिला, आणि भारत सात धावांनी जिंकला. 4 जुलैला विजययात्रेनंतर त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. तिथे गेलेल्यांपैकी कित्येक तेच असतील.

आता आपल्या अगदी जवळचा प्रसंग. 2025 मध्ये बंगळुरूचा कर्णधार रजत पाटीदार बोटाच्या दुखापतीमुळे क्षेत्ररक्षण करू शकत नव्हता. साखळीतल्या शेवटच्या दोन सामन्यांत त्याच्या जागी नाणेफेकीला गेला अमरावतीचा जितेश शर्मा. तेव्हा विदर्भाचा यष्टिरक्षक, आणि आयपीएलच्या कर्णधाराच्या जागी. 23 मेला हैदराबादविरुद्ध संघ 42 धावांनी हरला. 27 मेला लखनौनं 228 धावांचं लक्ष्य ठेवलं, आणि जितेशनं 33 चेंडूंत नाबाद 85 धावा करून सामना सहा गडी राखून जिंकून दिला. बंगळुरू पहिल्या दोन संघांत पोहोचली. अमरावती, यवतमाळ, वणी, सगळीकडे त्या रात्री आनंद झाला, आणि तो रास्तच होता, कारण त्या 85 धावा आपल्या पोराच्या होत्या.

दोन सामने, एक हार, एक जीत. यावरून जितेश कप्तान म्हणून कसा हे कुणालाच सांगता येणार नाही. पण दोनच दिवसांनी, प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात, पाटीदार परत नेतृत्वाला आला, आणि जितेशलाच ठेवा असा आग्रह आपल्या विदर्भातूनही झाला नाही. पाटीदारला काढलेलं नव्हतं, त्याची जागा त्याचीच होती, जितेश ती सांभाळत होता, आणि हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. 3 जूनला अहमदाबादला पंजाबला हरवून बंगळुरूनं अठराव्या हंगामात पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा चषक पाटीदारनं स्वीकारला, आणि यष्टींमागे हातमोजे घालून होता तो जितेश.